पहिली कात पडेपर्यंत

जुलै संपत आला की अल ऐनमधल्या झाडांवर खजुराच्या घोसांना जाळ्या बांधलेल्या दिसतात. पिवळा, कडक खजूर टोकाकडून तपकिरी आणि मऊ होत जातो. मग दुकानांच्या दाराशी या मऊ खजुराच्या, रुतबच्या टोपल्या येतात, ओळखीपाळखीच्या घरांतून खोकी येतात, आणि गल्लीत एक दाट, गोड वास भरून राहतो. लोकांना हा हंगाम आवडतो. मला मात्र अजूनही तो वास आला की हात आपोआप कपाळाकडे जातो, घाम पुसायला. एसी चालू आहे ना, हे बघायला मी उगाच आतल्या खोलीत जाऊन येते. उदय विचारतो, "काय गं?" मी म्हणते, "काही नाही."

एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं. उदय पाण्याच्या पाइपलाइनी टाकणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होता आणि मी कोल्हापूरहून प्राणिशास्त्राची एमएस्सी घेऊन त्याच्या मागोमाग इथे आले होते. पहिलं वर्ष घरात बसून गेलं. मग शहराबाहेर, डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका स्थानिक गृहस्थांच्या खासगी प्राणिसंग्रहात मला काम मिळालं. त्यांना आम्ही सगळे अर्बाब म्हणायचो, इथे मालकाला म्हणतात तसं. हरणं होती, बहिरी ससाणे होते, आणि मागच्या बाजूला एका लांबट खोलीत साप. सापांची जबाबदारी हेलन नावाच्या इंग्लिश बाईंकडे होती, आणि मी त्यांची मदतनीस.

त्या खोलीत अमेरिकेहून आलेली कॉर्न स्नेकची एक जोडी होती. बिनविषारी, शांत साप, आपल्याकडच्या धामणीपेक्षा लहान. नारिंगी अंगावर तांबडे डाग आणि डागांना काळी किनार. दोघंही दिसायला अगदी साधे. पण हेलनचं म्हणणं होतं की दोघांच्याही रक्तात आणखी रंग लपलेले आहेत. काळा रंगच न बनवणारा एक गुण, आणि तांबडा न बनवणारा दुसरा. आईबापांच्या अंगावर त्याचा मागमूस नसतो. पिल्लात दोन्हीकडून एकच गुण आला तर मात्र तो दिसतो. काळा गेला की पिल्लू केशरी, लाल डोळ्यांचं. तांबडा गेला की राखाडी. आणि दोन्ही गेले तर पांढरं. असं पांढरं सोळात एखादं. अर्बाबना ते पांढरं हवं होतं. म्हातारा भला माणूस होता. दर दोन-चार दिवसांनी खोलीच्या दारात उभा राहून हसत विचारायचा, "सफेद?" आणि मी म्हणायची, "इन्शाल्ला."

मे महिन्यात मादीने अंडी घातली. एकमेकांना चिकटलेला चामड्यासारखा पांढरा गठ्ठा. हेलनने प्रत्येक अंड्याच्या डोक्यावर पेन्सिलीने खूण केली, कारण सापाचं अंडं एकदा ठेवलं की फिरवायचं नसतं. मग ती उन्हाळ्याच्या सुट्टीवर आपल्या देशी निघून गेली. जाताना मला म्हणाली, पिल्लं बाहेर आली की आधी डोळे बघ, मग मानेवर नारिंगी आहे का ते बघ, आणि शंका असेल तर पहिली कात पडेपर्यंत तोंड उघडू नकोस. नवीन पिल्लू फसवतं.

त्याच महिन्यात मला दिवस राहिल्याचं कळलं.

पहिल्याच तपासणीत डॉक्टरीणबाईंनी माझ्या रक्ताचा कागद दोनदा वाचला आणि उदयचंही रक्त काढायला लावलं. पुढच्या वेळी त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. त्या केरळच्या होत्या, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. म्हणाल्या, "आप दोनों को थॅलॅसेमिया मायनर है. आप को कुछ नहीं होगा. लेकिन बच्चा..." मग त्यांनी एका कागदावर चार गोल काढले आणि त्यातला एक पेनाने भरून काढला.

उदयने विचारलं, "म्हणजे?"

मला विचारायची गरज नव्हती. रक्ताच्या त्या आजाराचा लपलेला गुण आम्हा दोघांत होता, आणि चारांतलं एक मूल आजारी निघू शकत होतं. तसाच, गुण पिल्लांत कसे उतरतात त्याचा तक्ता मी सकाळी सापांच्या खोलीत भिंतीवर बघून आले होते. आम्ही दोघं दिसायला धडधाकट होतो. उदय कॉलेजात कबड्डी खेळायचा. मला साधा तापसुद्धा कधी येत नसे. आमच्या लग्नाआधी पत्रिका दोन ज्योतिषांनी बघितली होती.

"टेन्शन मत लो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेकिन टेस्ट करवा लो. मुंबई में होता है."

जुलैच्या सुरुवातीला आम्ही मुंबईला जाऊन आलो. पोटातून सुईने नमुना काढताना मी छताकडे बघत होते आणि उदय माझ्या पायाच्या अंगठ्याला धरून उभा होता, कारण तेवढीच जागा त्याला मिळाली होती. तिथले डॉक्टर म्हणाले, रिपोर्टला वेळ लागेल, आम्ही घरी फोन करू. विमानात उदयने जेवणाचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "रिपोर्ट आला की मग बघू," तो म्हणाला. मी मान हलवली. काय बघायचं, हे दोघांपैकी कोणी उच्चारलं नाही. परत आल्यावरही नाही. आम्ही भाजीबद्दल बोलायचो, त्याच्या साइटबद्दल बोलायचो, आणि फोन वाजला की दोघंही एकदम गप्प व्हायचो. बहुतेक वेळा तो सासूबाईंचा असायचा.

शुक्रवारी सकाळी रज्जाकभाईंचा फोन आला. रज्जाकभाई राजापूरकडचे. संग्रहातल्या पक्ष्यांचं बघायचे आणि पिकअप चालवायचे. "बाय, सापांच्या खोलीचा एसी बंद पडलाय. मघाशी दार उघडलं तर भट्टी."

शुक्रवार म्हणजे सुट्टी. दुरुस्तीवाला उद्याशिवाय येणार नव्हता. बाहेर सावलीतसुद्धा श्वास घ्यायला जड जाईल अशी हवा होती. मोठे साप रज्जाकभाईंनी नाक मुरडत, लांब काठीने खोकी ढकलत, पक्ष्यांच्या थंड खोलीत नेले होते. अंड्यांना मात्र ती थंडी चालणार नव्हती आणि ही भट्टीही. सुट्टी असूनही उदय साइटवर गेला होता. मी टॅक्सी केली. पोचले तेव्हा अंड्यांच्या डब्यातल्या तापमापकाचा पारा जिथे असू नये तिथे गेला होता. अंड्यांना हात लावून बघितला. ती मऊ, कोमट लागली. जिवंत आहेत की नाहीत, हे हाताला कळत नाही.

"घरी नेते," मी म्हणाले.

रज्जाकभाईंनी काठी भिंतीला टेकवली. मग हळूच म्हणाले, "बाय, राग मानू नका. आमच्याकडे म्हणतात, पोटुशी बाईची सावली पडली तर साप आंधळा होतो."

"अंड्यावर पडली तर?"

त्यांनी विचार केला. "अंड्याचं काय ऐकलेलं नाय." आणि डबा उचलला. "अंडी हायेत तोवर माझं. पिल्लू झालं की तुमचं."

पिकअपमध्ये डबा मी मांडीवर घेतला. अल ऐनच्या रस्त्यांवर दर थोड्या वेळाने एक गोलचक्कर येतं. एरवी मला ती आवडायची, मधोमध फुलं, कारंजी, अरबी कॉफीच्या मोठाल्या दगडी किटल्या. त्या दिवशी प्रत्येक गोलचक्करावर डबा एका बाजूला कलायचा आणि मी तो दोन्ही हातांनी पोटाशी सरळ धरायची. रज्जाकभाई इतक्या हळू चालवत होते की मागचे हॉर्न वाजवत होते. "यल्ला यल्ला, चल चल करतायत," ते म्हणाले, "करू दे."

उदय घरी आला तेव्हा डबा हॉलमधल्या कपाटात होता, एसीच्या झोतापासून दूर, जुन्या चादरीत गुंडाळलेला.

"घरात?" तो म्हणाला.

"दोन दिवस."

"शेजारी कळलं तर?"

"तू सांगू नकोस म्हणजे कळणार नाही."

एसीचा सुटा भाग दुबईहून यायचा होता. तो आज येतो, उद्या येतो, असं करत दिवस गेले. मला वाटलं होतं उदय कुरकुर करेल. पण तिसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आले तर तो कपाटापाशी उकिडवा बसून तापमान वाचत होता. कामावरून दुपारी फोन करून विचारायला लागला, "किती आहे?" आधी मला वाटलं, माझी तब्येत विचारतोय. मग कळलं की पारा विचारतोय. मग वाटलं, एक विचारता येत नाही म्हणून दुसरं विचारतोय. मी आकडा सांगायची. तो म्हणायचा, "बरं." फोन लगेच ठेवायचा, कारण लाइन अडकून राहायला नको, मुंबईचा आला तर.

त्या दिवसांत मला घरातल्या प्रत्येक गोष्टीची शंका यायची. वीज जाईल का. फोनचा रिसीव्हर नीट ठेवलाय का. पोटात हालचाल अजून जाणवत नव्हती, तशी ती इतक्या लवकर जाणवतही नाही, हे मला माहीत होतं, तरी मी भांडी घासता घासता थांबून वाट बघायची. अंडी फुटायच्या आधी थोडी आत दबतात, सुरकुततात. ते बघून उदय घाबरला. "मेली का?" मी म्हटलं, "उलट, वेळ झाली." पण माझ्या स्वतःच्या आवाजाची मलाच खात्री नव्हती.

एका सकाळी चादर उघडली तर एका अंड्याच्या पाठीवर ब्लेडने मारावी तशी चीर. पिल्लाच्या नाकाच्या टोकावर एक बारीक दात असतो, त्याने ते आतून कापतं. चिरेतून एवढंसं नाक बाहेर आलं होतं. पिल्लू लगेच येत नाही. तसंच बसून राहतं, बाहेरची हवा घेत, कितीतरी वेळ. उदयने ऑफिसला कळवलं की पोट बिघडलंय. आयुष्यात तो पहिल्यांदाच असं खोटं बोलला असावा.

दुपारपर्यंत आणखी चिरा पडल्या. मग एकेक पिल्लू बाहेर सरकायला लागलं, पेन्सिलीएवढं जाड, ओलं, चकचकीत. आम्ही दोघं जमिनीवर बसलो होतो. मी एकेकाला उचलून उजेडात धरायची.

"डोळे लाल," उदय म्हणाला. "म्हणजे काळा नाही."

"बरोबर."

"हा?"

"डोळे काळे. मानेवर नारिंगी दिसतंय बघ, डागांच्या मध्ये. आईबापांसारखा."

"आणि हा राखाडी. म्हणजे तांबडा नाही."

मी ते पिल्लू बराच वेळ बघितलं. राखाडी होतं खरं. पण नवीन पिल्लांचा नारिंगी रंग इतका पुसट असतो की साधं पिल्लूही राखाडी वाटू शकतं. मानेपाशी काहीतरी होतं, किंवा मला तसं दिसत होतं.

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

"पण तुला काय वाटतं?"

"मला काय वाटतं त्याने काय फरक पडतो? कात पडू दे."

आवाज चढला होता माझा. उदयने ते पिल्लू माझ्या हातातून घेतलं, वेगळ्या डब्यात ठेवलं, डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर प्रश्नचिन्ह काढलं. मग तो स्वयंपाकघरात गेला आणि खूप वेळ पाणी पीत राहिला.

संध्याकाळी सगळी पिल्लं डब्यांत होती. केशरी तीन, राखाडी दोन, प्रश्नचिन्हवालं एक आणि बाकी साधी. पांढरं नव्हतं. एक अंडं उरलं होतं, चीर न पडलेलं. आदल्या आठवड्यात मी त्याच्यावर टॉर्च धरून आतल्या लाल शिरा बघितल्या होत्या. आत पिल्लू होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. हेलनला फोन लावला. ती म्हणाली, आणखी एक-दोन दिवस थांब, मग अगदी वरच्या बाजूला छोटी चीर दे.

दोन दिवसांनी मी कात्री घेऊन बसले आणि माझा हात चालेना. उदय म्हणाला, "तू आत जा. मी करतो."

"तुला येईल?"

"पाइप कापतो मी रोज. जा."

मी आत पलंगावर बसले. बाहेर काही आवाज नव्हता. मग नळ वाहिला. पिशवीचा आवाज आला. उदय दारात आला, हात पुसत.

"काय होतं?"

"काही नाही गं. नुसतं पाणी."

तो माझ्याकडे बघत नव्हता. टॉवेलकडे बघत होता. मी शिरा बघितल्या होत्या, हे त्याला माहीत नव्हतं. मी "बरं" म्हणाले.

रज्जाकभाई पिल्लांसाठी मागवलेली उंदरांची पिल्लं घेऊन आले तेव्हा उदय त्यांना खाली सोडायला गेला आणि वर यायला त्याला उशीर लागला. त्याआधी रज्जाकभाईंनी दारातूनच डब्यांकडे एक नजर टाकली होती आणि त्यांचा चेहरा उतरला होता. काही पिल्लांचे डोळे दुधाळ झाले होते, निळसर, साय आल्यासारखे. "बाय, मी सांगितलं नव्हतं? आंधळी झाली."

कात टाकायच्या आधी सापाचे डोळे तसे होतात, हे मी किती वेळा वाचलं होतं, बघितलं होतं. मी त्यांना समजावून सांगितलं. सांगताना माझा एक हात पोटावर होता, आणि ते दोघं दार ओढून खाली गेल्यावर मी पुस्तक काढून ते पान पुन्हा वाचलं.

फोन दुपारी आला. उदय साइटवर होता. मी प्रश्नचिन्हवाल्या डब्यावर वाकले होते. पिल्लाने कात टाकली होती. कागदासारखी पातळ, आरपार दिसणारी नळी ओल्या कापसाला चिकटली होती आणि बाजूला पिल्लू नवंकोरं पडलं होतं. मी ते अजून नीट बघितलंही नव्हतं.

मुंबईच्या डॉक्टरांचा आवाज लांबून, घुमत आला. त्यांनी आधी माझं नाव विचारलं, मग उदयचं. मग म्हणाले, "बाळ वाहक आहे. तुम्हा दोघांसारखंच. आजार नाहीये."

"नाहीये?"

"नाहीये. कागद पाठवतो."

मी फोन ठेवला आणि खाली बसले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. खूप तहान लागली होती. उठून पाणी प्यायले, मग उदयच्या साइटच्या ऑफिसला फोन केला. त्याला बोलावून आणायला वेळ लागला. मागे यंत्रांचा धडधडाट होता.

"आपल्यासारखंच आहे," मी म्हणाले. "वाहक."

मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा सांगितलं.

"ऐकलं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "ऐकलं गं."

त्यानंतर मी त्या पिल्लाला खिडकीपाशी नेलं. मानेवर, पहिल्या दोन डागांच्या मध्ये, स्वच्छ नारिंगी पट्टा होता. साधं पिल्लू. आईबापांसारखं.

पुढच्या आठवड्यात खोलीचा एसी चालू झाला आणि पिल्लं परत गेली. अर्बाब सगळे डबे उघडून बघत फिरले, केशरी पिल्लाला बोट लावून हसले. "सफेद?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "खलास," ते म्हणाले, "अल्ला करीम," म्हणजे असू दे, देव दयाळू आहे, आणि मला उभं का ठेवलंय म्हणून रज्जाकभाईंना रागावून खुर्ची आणायला लावली.

खुर्ची ठेवता ठेवता रज्जाकभाई खालच्या आवाजात बोलले. "साहेबांनी पिशवी देताना तुम्हाला सांगू नको म्हटलेलं. आता सगळं ठीक झालं म्हणून सांगतो. ते शेवटच्या अंड्यातलं सफेद होतं. पूर्ण झालेलं, दुधासारखं. मी हरणांच्या कुंपणापलीकडे पुरलं."

मी उदयला कधीच सांगितलं नाही की मला कळलं.

सई जानेवारीत झाली. रज्जाकभाई काही वर्षांनी गावी गेले, हेलनही गेली, संग्रह बंद झाला. आम्ही राहिलो. सई इथेच शाळेत गेली, आता दुबईत नोकरी करते, आणि डिसेंबरात तिचं लग्न आहे. आम्ही तिला ती लहान असतानाच सांगून ठेवलं होतं की मुलगा कोणीही आण, रक्त तपासून आण. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने तपासलं. त्याच्या रक्तात काही नाही.

परवा ती शनिवार-रविवारसाठी आली होती. जेवणं झाली होती. उदय पेपर वाचत होता. ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "आई, यू गाइज हॅड मी टेस्टेड, राइट? बिफोर आय वॉज बॉर्न?"

"हो. मुंबईला."

"अँड इफ इट वॉज बॅड?"

उदयने पेपर खाली घेतला. "तसं काही नव्हतं गं," तो म्हणाला, अगदी सहज. "डॉक्टरांना आधीपासून खात्री होती."

"उदय," मी म्हणाले.

तो थांबला.

मी सईकडे वळले. "मला माहीत नाही. आम्ही कधी ठरवलंच नाही. दोघंही त्याबद्दल बोललो नाही, इतके घाबरलो होतो. त्या वेळी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही."

मग तिने वडिलांकडे बघितलं. "बाबा?"

उदयने चष्मा काढला. बराच वेळ तो काचा शर्टाच्या टोकाने पुसत होता. "मलाही नाही माहीत," तो म्हणाला.

सईने पाय खाली घेतले. मला वाटलं ती उठून तिच्या खोलीत जाईल. ती उठली, सोफ्याला वळसा घालून आमच्या दोघांच्या मध्ये जी अरुंद जागा होती तिथे येऊन बसली. उदय सरकला, मीही सरकले. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, गरम, आणि तिचा श्वास हळूहळू संथ होत गेलेला मला कळत होता.